मिश्रीची डबी उंबऱ्याबाहेर काढा!

कर्करोगाचा धोका कमी करणाऱ्या रोजच्या सवयी

माझी आत्या मिश्रीला व्यसन मानत नसे. "व्यसन गड्यामाणसाला असतं पोरी, मी नुसते दात घासते," असे ती म्हणायची. पहाटे चूल पेटली की चहाच्या आधी तवा चढायचा. तव्यावर तंबाखूची पाने पडायची. घरभर ठसका उठायचा आणि आम्ही पोरे खोकत अंगणात पळायचो. पाने काळी झाली की ती त्यांचा हाताने चुरा करायची आणि पत्र्याच्या डबीत भरून ठेवायची. सकाळी उठल्यावर एकदा, दुपारी भाकरी खाल्ल्यावर एकदा, कामावरून आल्यावर एकदा, रात्री निजताना एकदा. बोट डबीत, डबीतून हिरडीवर. पुढे पुढे तर डबी कमरेलाच असे.

पन्नाशीत तिच्या गालाच्या आत, खालच्या दाढेजवळ, पांढरा चट्टा आला. दुखत नव्हता, म्हणून तिने कोणाला सांगितले नाही. मग त्याची जखम झाली. दाढ टोचते असे वाटून दाढ काढून घेतली, तरी जखम भरेना. हळद लावून झाली, लोणी लावून झाले. एका दवाखान्यात 'उष्णता आहे' म्हणून गोळ्या मिळाल्या. असे सहा-सात महिने गेले. तोंडात घास जाईना तेव्हा आम्ही तिला मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरांनी करता येण्यासारखे सगळे केले. शस्त्रक्रियेत अर्धा जबडा गेला, नंतर लाइट दिली. पण आम्हीच उशिरा पोहोचलो होतो. दीड वर्षात आत्या गेली.

शेवटी शेवटी तिच्या तोंडून शब्द नीट फुटत नसत. तरी एकदा तिने मला जवळ बसवून विचारले, "मी कधी दारूला शिवले नाही, बिडी ओढली नाही. मग मलाच का गं झालं?"

या प्रश्नाचे उत्तर तिच्या कमरेच्या डबीत होते. पण पस्तीस वर्षांत ते तिला कोणी सांगितले नव्हते. घरात शिकलेली माणसे होती, आम्हीही सांगितले नव्हते. कारण मिश्री म्हणजे दात घासायची वस्तू, असेच आम्हीही धरून चाललो होतो. वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

नशिबाचा खेळ किती, सवयीचा किती?

आपल्याकडे कर्करोगाचे नाव घेतले की माणसे आवाज खाली करतात. कोणी म्हणते मागच्या जन्मीचे पाप, कोणी म्हणते करणी, कोणी म्हणते शिवाशिवीने होतो. यातले काहीही खरे नाही. आपले शरीर असंख्य पेशींचे बनले आहे. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात आणि हे काम एका शिस्तीने चालते. काही पेशींमधली ही शिस्त मोडली की त्या बेसुमार वाढू लागतात, शेजारच्या भागात घुसतात, रक्तातून दुसरीकडे जातात. हाच कर्करोग. रुग्णाच्या ताटात जेवल्याने, त्याचे अंथरूण आवरल्याने तो दुसऱ्याला होत नाही.

पेशींची शिस्त मोडण्याची कारणे अनेक आहेत. वाढते वय हे एक, काही घराण्यांतून येणारा वारसा हे दुसरे. ही आपल्या हातात नाहीत. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे एकूण कर्करोगांपैकी एक तृतीयांश ते निम्मे टाळता येण्यासारखे असतात. भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १४ लाख नवे रुग्ण असल्याचा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. त्याचा तिसरा हिस्सा धरला तरी साडेचार लाखांहून अधिक माणसे होतात. एवढ्या घरांवरचे संकट टळू शकते!

एक गोष्ट आधीच स्पष्ट केली पाहिजे. चांगल्या सवयींमुळे धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. निर्व्यसनी माणसालाही कर्करोग होऊ शकतो. म्हणून ज्याला झाला त्याच्या उशाशी बसून 'तू असे केलेस म्हणून झाले' असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. आपण बोलायचे ते अजून ज्यांना झालेला नाही त्यांच्याशी.

मिश्री म्हणजे तंबाखूच

आपल्या राज्यात कर्करोगाच्या टाळता येण्यासारख्या कारणांत पहिला क्रमांक तंबाखूचा आहे. देशातील पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो. त्याचे मूळ आपण तंबाखू कसा वापरतो त्यात आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील १५ वर्षांवरील २६.६ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होते. त्यांत ओढणारे थोडे होते, फक्त ३.८ टक्के. बाकी सगळा तंबाखू थेट तोंडात जात होता. कोणी चुना लावून मळतो, कोणी विड्यात घालतो, कोणी गुटख्याचा बार भरतो. आणि आपल्या आयाबहिणी मिश्री लावतात. कोणी तिला मशेरी म्हणते, पण वस्तू तीच.

'धूर नाही म्हणजे धोका नाही' हा मोठा गैरसमज आहे. तंबाखूच्या पानातच कर्करोगकारक द्रव्ये असतात. ती लाळेत उतरतात आणि गाल, जीभ, हिरडी यांच्या नाजूक त्वचेला रोज, तासन्‌तास लागून राहतात. म्हणून तंबाखूची गोळी ज्या गालात धरली जाते, बहुधा त्याच जागी चट्टा उठतो. काही बाया म्हणतात, "आम्ही भाजून घेतो, विष जळून जातं." तसे होत नाही. उलट पान जळताना आणखी काही घातक द्रव्ये तयार होतात.

ही माहिती आजची नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंत-संशोधकांनी पुणे जिल्ह्यात गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक गावकऱ्यांची तोंडे तपासली होती आणि त्यांच्या तंबाखूच्या सवयी नोंदवल्या होत्या. तो अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे आत्याच्या वयाच्या बाया डबी कमरेला लावून फिरत होत्या तेव्हा शास्त्रज्ञांना हे ठाऊक होते. ते ज्ञान आमच्या चुलीपर्यंत आले नाही, एवढेच.

गरोदरपणात तर ही डबी दोन जिवांना लागते. मुंबईतील बाराशेहून अधिक गरोदर स्त्रियांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात मिश्रीसारखा बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे इतर बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅम हलकी भरली. आधीच अडीच किलोच्या आसपास जन्मणाऱ्या बाळाला शंभर ग्रॅमचे मोल किती असते हे कोणत्याही दाईला विचारावे.

सुपारी, गुटखा आणि आमची पोरे

"मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी चघळतो," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. सुपारी एकटीसुद्धा कर्करोगकारक आहे, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला. सुपारीने आणखी एक रोग होतो. गालाची आतली कातडी ताठ व पांढुरकी होत जाते, तिखट लागले की आग होते आणि तोंड उघडणे कमी कमी होते. निरोगी माणसाच्या तोंडात आपली तीन बोटे उभी मावतात. शाळा-कॉलेजातल्या पोराच्या तोंडात दोनच मावू लागली, तर घरच्यांनी समजून घ्यावे की खिशात पुड्या आहेत. या रोगातून पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो.

महाराष्ट्र शासनाने २०१२ च्या जुलैत गुटख्यावर बंदी घातली. त्याआधी २००२ मध्येही घातली होती, ती न्यायालयात टिकली नाही. आता बंदी आहे, तरी पुडी कोठे मिळते हे वस्तीतल्या लहान पोरालाही माहीत असते. मसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी पुडी अशी वेगवेगळी घेऊन हातावर मिसळली की गुटखाच तयार होतो. कायदा आपले काम करील तेव्हा करील. बापाने पोराला टपरीवर 'एक पुडी घेऊन ये' म्हणून पाठवणे मात्र आजच बंद करता येते.

पाचवे शील आणि चपलेतली पुडी

दारूनेही कर्करोग होतो, हे अजून अनेकांना माहीत नाही. दारूमुळे यकृत बिघडते एवढेच लोक जाणतात. परंतु तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांच्या स्तनांचा कर्करोग यांच्याशी दारूचा संबंध सिद्ध झालेला आहे. देशी, विदेशी, बिअर असा भेद त्यात नाही. आणि जो दारूही पितो व तंबाखूही खातो, त्याच्या तोंडाचा व घशाचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, तो गुणाकाराने वाढतो.

आपण पंचशील घेतो तेव्हा पाचव्या शीलात मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे वचन देतो. दारू सोडलेली अनेक घरे त्या वचनावर उभी राहिली, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. पण तंबाखूचे काय? वंदनेला बसण्यापूर्वी चुन्याची डबी आणि पुडी बाहेर चपलेत ठेवायची आणि बाहेर आल्यावर पहिला हात तिथेच घालायचा, हेही आपण पाहतो. ज्याच्यावाचून दोन तास काढणे कठीण जाते ते व्यसनच, मग त्याला मिश्री म्हणा, सुपारी म्हणा की दात घासणे म्हणा.

सवय लागते कशी आणि सुटते कशी?

'सोडून द्या' असे सांगणे सोपे आहे. पण उपाशी पोटी राबणाऱ्या बाईच्या हाती तंबाखू आला तो हौसेने आला नाही. उसाच्या फडात, बांधकामावर, शेतात दुपारपर्यंत भूक मारायला तो आला. दाढ दुखली आणि दंतवैद्याला द्यायला पैसे नव्हते तेव्हा हिरडी बधिर करायला मिश्री आली. सकाळी परसाकडे साफ होत नाही म्हणून ती राहिली. मग निकोटिनने मेंदूचा ताबा घेतला आणि गरज संपली तरी डबी सुटली नाही. म्हणून सोडणाऱ्याला हिणवू नये, त्याला हात द्यावा.

माझ्या आतेबहिणीने आईच्या मरणानंतर मिश्री सोडली. पहिल्या दोन वेळा जमले नाही, तिसऱ्या वेळी जमले. तिचा अनुभव असा :

तिने आधी दिवस ठरवला आणि तो घरातल्या सगळ्यांना सांगितला. आदल्या संध्याकाळी तंबाखू, डबी आणि मिश्री भाजायचा जुना तवा घराबाहेर काढला. 'थोडी ठेवू, लागली तर' हा विचार आला की पुन्हा सुरुवात होते, हे तिला आधीच्या दोन खेपांत कळले होते. सकाळी टूथपेस्ट आणि ब्रश. तलफ आली की घोटभर पाणी, नाही तर बडीशेप, ओवा किंवा लवंग. सुपारी मात्र नाही. तलफ काही मिनिटेच जोरात असते, तेवढा वेळ हाताला काम दिले की ती ओसरते. पहिला आठवडा वाईट गेला. डोके दुखले, चिडचिड झाली, झोप उडाली, पोट साफ होईना. पोटासाठी सकाळी कोमट पाणी, दोन्ही वेळा पालेभाजी आणि भाकरी. तीन-चार आठवड्यांत सगळे जागेवर आले. या काळात नवऱ्याने तिच्यासमोर तंबाखू मळला नाही, हीही मोठी मदत झाली. दुखऱ्या दाढेचा इलाज तिने सरकारी दवाखान्यात करून घेतला.

ज्यांना एकट्याने जमत नाही त्यांच्यासाठी १८००-११-२३५६ ही शासनाची विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे. हा क्रमांक तंबाखूच्या पाकिटांवरही छापलेला असतो. अनेक जिल्हा रुग्णालयांत तंबाखू सोडण्यासाठी सल्ला व औषधे मिळतात.

आणि सोडून उपयोग होतो का? होतो. वर सांगितलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्याच संशोधकांनी १९७७ पासून केरळ, गुजरात व आंध्र येथील सुमारे ३६ हजार तंबाखूसेवकांना घरी जाऊन, चित्रे व चित्रपट दाखवून समजावले आणि दहा वर्षे त्यांची तोंडे तपासली. केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यात ज्यांनी सवय सोडली त्यांच्यात तोंडातले नवे चट्टे उठण्याचे प्रमाण स्पष्टपणे घटले. म्हणजे चाळीस वर्षे लावली, आता सोडून काय होणार, हे म्हणणे चूक आहे.

हिशेबही करून पाहा. दिवसाला वीस रुपये तोंडात गेले तर वर्षाला सात हजार तीनशे रुपये होतात. एवढ्यात एका मुलीची वह्या-पुस्तके, गणवेश आणि परीक्षेची फी भागते.

ताट, चूल आणि चहा

कर्करोग बरा करणारी किंवा हमखास टाळणारी कोणतीही एक भाजी, रस किंवा काढा नाही. तसे सांगून बाटल्या विकणाऱ्यांपासून सावध राहावे. तथापि रोजच्या ताटाचा परिणाम होतो. ज्वारी-बाजरीची भाकरी, कोंड्यासकट गव्हाची पोळी, डाळी, मटकी-हुलगा, पालेभाज्या, हंगामातली फळे यांतून चोथा मिळतो आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका कमी होतो. आपल्या आजीचे गरिबीचे जेवण या बाबतीत श्रीमंत होते. शहरात आल्यावर भाकरी गेली, पाव, बिस्किटे आणि फरसाण आले, हे काही प्रगतीचे लक्षण नव्हे.

मटण खाऊ नका असे कोणी म्हणत नाही. बकऱ्याचे, म्हशीचे, डुकराचे तांबडे मांस माणशी आठवड्याला शिजवलेले अर्ध्या किलोच्या आत असावे, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. आपल्यापैकी बहुतेक घरांत ते तेवढे होतही नाही. सॉसेज, सलामी असे डबाबंद टिकवलेले मांस मात्र टाळावे. ते कर्करोगकारक असल्याचे २०१५ साली जाहीर झाले आहे.

शेंगदाणे आपल्या चटणीत, आमटीत, खिचडीत रोज असतात. पावसाळ्यात पोत्यातल्या दाण्याला बुरशी येते. तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते आणि ते यकृताच्या कर्करोगाचे कारण आहे. भाजल्याने हे विष पूर्ण जात नाही. म्हणून दाणे निवडताना काळपट, सुरकुतलेला, खवट दाणा फेकून द्यावा. 'कुटात चालून जाईल' म्हणू नये. धान्य कोरड्या जागी ठेवावे.

चुलीचा धूर फुप्फुसात जातो. गॅस परवडत असेल तर स्वयंपाक गॅसवर करावा. चूल असेल तर खिडकी उघडी असावी आणि लहान मूल कडेवर घेऊन फुंकणीने फुंकत बसू नये. चूल पेटवायला प्लास्टिकची पिशवी घालण्याची सवय फार वाईट. ती आजच बंद करावी. चहासुद्धा उकळता घशात ओतू नये. ६५ अंशांहून गरम पेय सतत पिण्याने अन्ननलिकेला धोका संभवतो, असे २०१६ साली तज्ज्ञांनी म्हटले आहे. बशीत ओतून प्यायची जुनी रीत वाईट नव्हती!

कष्टकरी आई, खुर्चीवरचा मुलगा

डोक्यावर पाटी वाहणाऱ्या बाईला 'व्यायाम करा' म्हणणे ही थट्टा आहे. पण तिच्या मुलांची गोष्ट वेगळी. ती शिकली, नोकरीला लागली, खुर्चीवर बसली. दाराशी मोटारसायकल आली. आईच्या पिढीला जेवणाची चिंता होती, मुलांच्या पिढीला पोटाच्या घेराची आहे. जादा चरबीमुळे स्तन, गर्भाशय, मोठे आतडे यांच्यासह तेरा प्रकारच्या कर्करोगांचा धोका वाढतो, असे आता सिद्ध झाले आहे. बसून काम करणाऱ्याने आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास भरभर चालावे. त्यासाठी ना वर्गणी लागते, ना कपडे. बायकोलाही सोबत न्यावे. घरकाम झाले म्हणजे तिचे चालणे झाले, असे समजू नये.

बायकांनी लपवू नये असे काही

स्त्रियांमध्ये स्तनाचा आणि गर्भाशयाच्या तोंडाचा, असे दोन कर्करोग अधिक आढळतात. बाळाला अंगावर पाजण्याने स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा कमी होतो. ३० देशांतील अभ्यास एकत्र करून २००२ साली काढलेला निष्कर्ष असा, की दर बारा महिन्यांच्या स्तनपानामागे धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी घटतो. बाळाचा फायदा वेगळाच.

गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूपासून होतो. या विषाणूवर लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली देशी लसही निघाली आहे. ९ ते १४ वर्षांच्या वयात ती सर्वांत उपयोगी ठरते. आपल्या मुलीसाठी आरोग्य केंद्रात जरूर चौकशी करावी. तसेच नवजात बाळाला २४ तासांच्या आत हिपॅटायटिस-बीची लस टोचून घ्यावी. ती सरकारी रुग्णालयात मोफत मिळते आणि पुढे यकृताच्या कर्करोगापासून वाचवते.

मोठ्या बायकांसाठी तपासणी हीच सवय व्हायला हवी. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांवर टाटा रुग्णालयाने १९९८ पासून एक मोठा प्रयोग केला. निम्म्यांची दर दोन वर्षांनी तपासणी झाली. महागडी यंत्रे नव्हती. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी गर्भाशयाच्या तोंडाला शिरक्याचे म्हणजे व्हिनेगरचे पातळ द्रावण लावून डोळ्यांनी पाहिले गेले. रोगट जागा पांढरी दिसते. २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला, की तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील सव्वा लाखाहून अधिक खेड्यांतल्या स्त्रियांवर दुसरा प्रयोग झाला. तिथे आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनेही असे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटल्याचे २००९ साली दिसून आले. आमच्याच खेड्यापाड्यांतल्या, वस्त्यांतल्या बायकांनी जगाला हे ज्ञान दिले. त्याचा लाभ आमच्याच बायकांनी घेऊ नये, हे कसे चालेल?

तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयाचे तोंड यांची तपासणी शासकीय आरोग्य केंद्रांतून व्हावी, असा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. आशाताईंना विचारा. लाज वाटते म्हणून मागे राहू नका. सासूने सुनेला आणि सुनेने सासूला सोबत न्यावे.

महिन्यातून एकदा आरशासमोर

महिन्याचा एक दिवस ठरवावा. तोंड चुळा भरून स्वच्छ करावे, उजेडात आरशासमोर उभे राहावे. दोन्ही गाल बोटाने ओढून आत पाहावे, ओठ उलटून पाहावेत, जीभ बाहेर काढून दोन्ही कडा आणि जिभेखालची जागा पाहावी. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, गाठ, तोंड कमी उघडणे, यांतले काही दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकले तर डॉक्टरांना दाखवावे. 'दुखत नाही' हे थांबण्याचे कारण नाही. सुरुवातीला ते दुखतच नाही.

आमची आतेबहीण आता वस्तीच्या महिला मंडळात महिन्याला बॅटरी घेऊन बसते. ती डॉक्टर नाही. चट्टा दिसला की ती एवढेच म्हणते, "काकू, उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चला." आणि खरोखर सोबत जाते. दोन बायांचे चट्टे वेळेवर सापडले. त्या दोघी आज घरी आहेत, नातवंडे खेळवत आहेत.

आत्याच्या प्रश्नाला आता आमच्याजवळ उत्तर आहे. तिच्यासाठी ते उशिरा आले. आज रात्री आपल्या घरात कोणाच्या कमरेला, कोणाच्या उशाखाली, कोणाच्या खिशात डबी आहे ते पाहा. रागावू नका. जवळ बसा, हा लेख वाचून दाखवा आणि दिवस ठरवा.

हे लक्षात ठेवा

१. मिश्री, मशेरी, मळलेला तंबाखू, गुटखा, बिडी, तपकीर : सगळा तंबाखूच. सुपारीही निर्दोष नाही.

२. दारूची 'थोडी चालते' अशी सुरक्षित मात्रा कर्करोगाच्या बाबतीत नाही.

३. भाकरी, डाळ, पालेभाजी, फळे रोज. बुरशी आलेला दाणा कचऱ्यात.

४. बसून काम करणाऱ्याने रोज अर्धा तास चालावे. वजन आटोक्यात ठेवावे.

५. बाळाला अंगावर पाजावे. बाळाला हिपॅटायटिस-बीची आणि मुलीला एचपीव्हीची लस द्यावी.

६. स्तनातली गाठ, पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर अंगावर लाल जाणे, वास येणारे पाणी जाणे, शौचातून रक्त, बसलेला आवाज, गिळताना अडथळा, लांबलेला खोकला, कारणाविना घटणारे वजन : यांपैकी काहीही असल्यास लगेच डॉक्टरांना दाखवावे. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, पण तपासल्याशिवाय ते कळत नाही.

७. तपासणीसाठी तुकडा काढल्याने रोग पसरतो, ही अफवा आहे. त्या भीतीने वेळ घालवू नये.

८. खर्चाच्या भीतीने घरी बसू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे.